चटईवर शिकलेला फटका

माझ्या आणि शेजारच्या गेडीसांच्या परसांच्या मध्ये छातीइतकी दगडी भिंत आहे. त्या हिवाळ्यात भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी एकच आवाज यायचा. धप्प. मग थोडा वेळ काही नाही, बहुधा वॉटी कंबर धरून उभा असायचा. मग पुन्हा धप्प. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी राहून मी घरी यायचे, चहाचा कप घेऊन जरा पाय वर घेते न घेते तोच हे सुरू. नुसता वैताग.

वॉटी गेडीस मासेवाला. पहाटे बंदरावरच्या लिलावात जायचं, हॅडॉक मासा उचलायचा, कापून साफ करून गाडीत भरायचा आणि आतल्या गावागावांत दारोदार विकायचा, हे त्याने जन्मभर केलं. पासष्टी उलटली तरी करतोच आहे, कारण ती गाडी पुढे चालवायला कोणी तयार नाही. आमच्या केर्नहेवनात खाटीक, प्लंबर, पाद्री, सगळे एकाच मैदानावर गोल्फ खेळतात आणि एकमेकांचा उद्धार करतात. वॉटीने मात्र कधी चेंडूला हात लावला नव्हता. "दिवसभर वाऱ्यातच असतो मी," तो म्हणायचा. "हौसेने पुन्हा वाऱ्यात कोण जाईल?"

खेळायची ती नेटा, त्याची बायको, आणि तिच्याबरोबर मी. आमची मुलं कडेवर होती तेव्हापासून आम्ही दोघी मंगळवारी खेळत आलो. मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती दाराशीच बर्फावर घसरली आणि उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, पण हात कंबरेच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, भांडी घासता येतील. नेटा म्हणाली, भांडी मला खांदा मोडायच्या आधीही घासायची नव्हती.

हे ती बोलली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण नंतर तिचं बोलणंच आटलं. हिरवळीजवळचे छोटे फटके आणि भोकात चेंडू सारणं, हे ती अजूनही आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं करू शकली असती. लांबचे फटके मात्र संपले होते. मी म्हटलं, माझ्याबरोबर जोडीने खेळ, लांबचे मी मारते. तर म्हणे, "तुझ्यावर ओझं होऊन? नको गं." मग ती खिडकीत बसून राहायला लागली. खिडकीतून मैदानाचा पहिला होल दिसतो, म्हणून ती पडदा अर्धा ओढून घ्यायची. ऑक्टोबरात एक दिवस मला म्हणाली, "रोना, माझ्या काठ्यांची पिशवी तुझ्या शोनाला दे. पोरगी शिकतेय, उपयोग होईल."

शोना माझी भाची. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून वॉटी हात पुसत आला. "पिशवी कुठेही जाणार नाही," तो म्हणाला. "एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जोड्यांचा सामना असतो ना? दोघांत एक चेंडू, आळीपाळीने मारायचा? लांबचे मी मारतो. जवळचे तू."

नेटा हसली. किती दिवसांनी हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तू? चेंडू तुझ्या काठीला लागायला तर हवा."

"लागला तर येशील?"

"लागला तर येईन. नाही लागला तर पिशवी शोनाची. आणि मग मला पुन्हा कोणी विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो भिंतीवरून डोकावला आणि म्हणाला, "काठी धरायची कशी ते दाखव. नेटा नाही शिकवणार." नवऱ्यावर ओझं व्हायला बायकांची हरकत नसते, पण म्हणून नवऱ्याला शिकवायला त्या बसत नाहीत. दाखवलं मी.

काय सांगू. पहिले दोन आठवडे काठी चेंडूच्या वरून जायची, नाहीतर चेंडूमागे जमिनीत रुतायची, आणि चेंडू आपला जागच्या जागी. कधी टोकाला लागून थेट माझ्या कोबीत. त्याचा हात चाळीस वर्षं एकच काम शिकलेला. सुरी आत घालायची, काट्याला लावून सपाट सरकवायची आणि वरचं मांस अलगद उचलायचं. चेंडूचंही तो तेच करायचा. खालून काठी सरकवून त्याला वर उचलायला बघायचा.

"अरे बाबा, चेंडू आहे तो, हॅडॉक नव्हे," मी ओरडले. "वरून खाली मार. आधी चेंडू, मग जमीन."

"जमिनीत मारलं तर वर कसा जाईल? काहीतरीच."

मग नोव्हेंबर आला आणि चटया आल्या. आमचं मैदान वाळूवरचं, थंडीत उखडलेलं गवत परत वाढत नाही, म्हणून मार्च संपेपर्यंत प्रत्येकाने कृत्रिम गवताची वीतभर चटई बरोबर ठेवायची आणि चेंडू तिच्यावर ठेवूनच मारायचा. दर फटक्याला ती टाका, उचला, पुन्हा पिशवीला लटकवा. आम्हाला त्या चटईचा कंटाळा. वॉटीला मात्र ती देवासारखी पावली. काठी चेंडूच्या मागे टेकली तरी चटईवर रुतत नाही, घसरत पुढे जाते आणि चेंडूला गाठते. त्याचा माशाचा हात तिथे बरोबर बसला. चेंडू उडायला लागला.

त्याने परसात मासेमारीचं जुनं जाळं टांगलं, त्याच्यासमोर चटई टाकली आणि रोज गाडी धुऊन झाली की सुरू. धप्प. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यांना मिठाचं पाणी लागलं. पाठ अशी धरायची की सकाळी हॅडॉकची पेटी उचलताना तोंडातून आवाज निघायचा. मी भिंतीपाशी जाऊन सांगितलं, एकदा नव्हे. "वॉटी, चटई खोटं बोलते. ती काढ आणि गवतावर मार."

"जातोय ना चेंडू?"

"चटईवरून जातोय."

"जातोय तर," तो म्हणाला आणि पाठ फिरवली. एवढ्या थकलेल्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी जमत होतं. त्याला तरी मी किती बोलणार?

मार्चमध्ये तो मैदानावर जायला लागला. दहातले आठ चेंडू सरळ. खाटीक म्हणाला, "मासेवाल्याला हात आहे." नेटाच्या कानावर गेलं. एक दिवस पाहिलं तर खिडकीचा पडदा पूर्ण उघडा होता. शनिवारच्या आधी तिने बूट काढून त्यांना तेल लावलं, आणि मला दोऱ्या बांधून दे म्हणाली.

त्या शनिवारी वारा होता, पण ऊनही होतं. आदल्या दिवशीच चटया गोळा करून झाल्या होत्या. मी आणि माझा नवरा त्यांच्या मागच्या जोडीत होतो, त्यामुळे सगळं दिसलं. पहिला फटका नेटाने मारला, पुढचा लांबचा वॉटीच्या वाट्याला यावा म्हणून, कंबरेपर्यंतच हात नेऊन. चेंडू थोडा गेला, पण नीट गेला. दुसरा वॉटीचा. चेंडू गवतात. त्याने काठी नेली, आणली, आणि गवताचा हा एवढा लपका उडाला. चेंडू तिथेच.

तो नेटाकडे बघायला लागला. आता पाळी तिची होती आणि चेंडू अजून लांबच होता. तिने मारला, चेहरा वाकडा झाला. मग पुन्हा वॉटी, पुन्हा लपका. तिसऱ्या होलवर एक लागला, तो वरून घासून झुडपात. पुढेपुढे त्याच्या हातातला जोर गेला. नेटा दर वेळी त्याने उकरलेला लपका उचलून जागेवर बसवायची, बुटाने दाबायची आणि आपला फटका मारायची. ज्या खांद्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच खांद्यावर सगळं ओझं आलं होतं.

सहाव्या होलवर वॉटीने चेंडू उचलून खिशात टाकला. "पुरे," तो म्हणाला. दोघं आमच्या बाजूने परत गेले. माझ्याजवळून जाताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी पिशवी घेऊन जा, रोना. माझ्याच्याने नाही होत आता."

रविवारी भिंतीपलीकडे शांतता होती. मी हिवाळाभर जिच्यासाठी तरसले तीच शांतता, आणि मला ती सहन होईना. मसुराचं सूप केलं, एक डबा त्यांना नेऊन दिला. नेटाने दारातच घेतला. तिच्यामागे पिशवी भिंतीला टेकून ठेवलेली दिसली. पडदा पुन्हा ओढलेला.

सोमवारी बाजाराला सुट्टी, म्हणून वॉटी घरी असणार हे मला ठाऊक होतं. दुपारी गेले. दार वाजवलं, कोणी नाही. आत डोकावले तर पिशवीही नाही. मला वाटलं, त्याने रागाने टाकली की काय कुठे. मासेगाडी किनाऱ्याच्या रस्त्यावर उभी दिसली, म्हणून तिकडे उतरले.

ओहोटी लागली होती. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरली होती आणि तिच्यावर नेटा डाव्या हातात काठी उलटी धरून रेघ ओढत होती. रेघेवर चेंडू होता, चेंडूसमोर वॉटी.

"सगळा हिवाळा धपाधप करून माझं डोकं उठवलंस," ती म्हणत होती, "आणि एका शनिवारी हात टेकतोस? मार."

वॉटीने मारलं. वाळू उडाली, चेंडू जेमतेम घरंगळला.

"चेंडू बघू नकोस. वाळूतली काठीची खूण बघ. कुठे आहे?"

"रेघेच्या अलीकडे."

"वाळू खोटं बोलत नाही. पलीकडे हवी. मार."

ती नवी रेघ ओढायची, तो मारायचा. खुणा अलीकडे, अलीकडे, एखादी रेघेवर. त्याचे मोजे भिजले होते. मी जवळ गेले तेव्हा पहिल्यांदा वाळू रेघेच्या पलीकडे उडाली. आवाजही वेगळा आला, कोरडा आणि छोटा. चेंडू कुठे गेला ते आम्हा तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही. नेटा वाकून ती खूण बघत होती.

वॉटी तिथेच ओल्या वाळूत बसला. त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"मी पिशवीसाठी आले होते," मी म्हटलं. "शनिवारी वॉटी म्हणाला..."

"वॉटी काय वाट्टेल ते म्हणतो." तिने वर पाहिलंसुद्धा नाही. खांदा दुखत असणार, डाव्या हाताने तो दाबून धरला होता. "वॉटी, उद्या ओहोटी किती वाजता?"

त्याने उगाच समुद्राकडे पाहिलं. मासेवाल्याला ते बघावं लागत नाही, तोंडपाठ असतं.

"आजच्याहून तासभर उशिरा," तो म्हणाला. "साडेतीनच्या सुमारास. पण नेटा, उद्या मला आतल्या गावांना जायचंय."

"मग साडेतीनपर्यंत परत ये," ती म्हणाली आणि पुढची रेघ ओढायला लागली.

वॉटीने उठण्यासाठी माझ्याकडे हात पुढे केला.