मला न विचारता

वसुधाक्का गेल्याचं त्यांच्या एका विद्यार्थिनीनं फोनवर कळवलं, तेव्हा मी दाजीबानपेठेत अस्तराचं कापड घेत होते. "बरं," म्हटलं आणि दुकानदाराला पन्ना विचारला. गेल्या महिनाभरात त्यांच्यावर बरंच लिहून आलं, सगळ्यांत त्या देवीच. मला त्या आवडत नव्हत्या, आणि गेल्या म्हणून आवडायला लागल्या असंही झालेलं नाही.

त्या धारवाडला मानवशास्त्र शिकवत. मी अळणावरजवळच्या एका खेड्यात नर्स. टीबीच्या गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या, असा नियम. बायका दोन महिने यायच्या, मग येणं बंद. मी रजिस्टरात नावापुढे 'ऐकत नाही' असं लिहायची. यल्लव्वा नावाची मजूर बाई अशीच यायची थांबली आणि वारली. त्यानंतर वसुधाक्का आल्या. औषध नाही, यंत्र नाही, हातात नुसती वही. दिवसच्या दिवस या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर, बायकांबरोबर शेंगा फोडत कन्नडमध्ये गप्पा. मला वाटायचं, यांना याचा पगार मिळतो? पण एकीचंही बोलणं तिला विचारल्याशिवाय उतरवून घ्यायच्या नाहीत. "लिहू का, अव्वा?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग तालुक्याच्या बैठकीत, सगळ्या डॉक्टरांसमोर त्या म्हणाल्या, "यल्लव्वा हट्टी नव्हती. गोळ्यांची खिडकी बसस्टॉपसमोर आहे. सिस्टर रोगाचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारतात. तिच्या मुलीला बघून गेलेली माणसं तिथंच उभी होती. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही."

सिस्टर म्हणजे मी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या...

बाहेर त्यांना गाठून मी विचारलं, "मॅडम, अख्ख्या गावाला विचारून लिहिलंत. मला?"

त्या म्हणाल्या, "तुमचं राहिलं."

गोळ्या मागच्या पडवीत द्यायचं ठरलं. मी वर्षानुवर्षं अर्ज करून मागत होते ती मदतनीस त्यांच्या एका बैठकीनं मिळाली. पुढे औषध मध्येच सोडणारी बाई क्वचितच निघाली. त्यांचं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. राग त्याचाच जास्त आला.

गेल्या वर्षी, मी निवृत्त झाल्यावर, त्या कमरीपेठेत माझ्या घरी आल्या. "पुस्तक लिहितेय. तुमची बाजू राहिलीय. सांगाल?"

"आता?" मी म्हणाले. "आता काही नाही सांगायचं."

सांगायचं पुष्कळ होतं. केंद्रात खोली एकच, आत खाटेवर अडलेली बाळंतीण, तिच्यावरची नजर न काढता गोळ्या देता याव्यात म्हणून ती खिडकी. हाका मोठ्यानं, कारण मला आत परतायची घाई... यातलं एक अक्षर मी बोलले नाही. चहाही विचारला नाही.

त्या उठल्या. बाहेरच्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावताना त्यांना धाप लागली. ओठ निळसर दिसत होते. सगळी नोकरी मी आजारी माणसं बघण्यात घालवली. ती धाप साधी नाही हे मला दारातूनच कळलं. डॉक्टरांना दाखवलंत का, एवढंच विचारायचं होतं.

मी कडी लावली.