व्हायब्रोतल्या अक्षता

अंबडच्या एका शेडमध्ये मी सहा वर्षं कानस चालवली. लेथवर कापलेल्या भागांच्या कडेला बारीक धार राहते, तिला बर म्हणतात. ती घासून घासून बोटांना अशा चिरा पडायच्या की घरी लिंबू पिळायचं काम नवऱ्याकडे गेलं होतं. त्यामुळे व्हायब्रो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याच्या प्रेमातच पडले. मोठं गोल भांडं, त्यात चिनीमातीचे तिकोनी खडे, साबणाचं पाणी आणि आपले भाग. बटण दाबलं की सगळं थरथरत फिरतं आणि दोन-अडीच तासांत भाग गुळगुळीत होऊन निघतात. आपण बाजूला बसून चहा प्यायचा. इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं कसं नाही, याचाच राग आला.

नोकरी सोडून मी एक गाळा भाड्यानं धरला आणि तसला एक जुना व्हायब्रो घेतला, आईनं माझ्या लग्नात मला घातलेल्या पाटल्या मोडून. त्यानंतर आई रुसली ती रुसलीच. सटाण्याला गेले तर पुरणपोळीवर तुपाची धार धरायची, पण पाया पडले की डोक्यावर हात ठेवायची नाही. मला ते फार लागायचं.

तरी त्या दसऱ्याला यंत्राच्या पूजेला ती आपणहून एसटी धरून आली. आई अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलते. भांड्यात वाकून म्हणाली, "हाई काय शे? पाटल्या यात घातल्या व्हय?"

पलीकडे क्रेटमध्ये एका कारखान्याचे दोन हजार बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, पडले होते. करंगळीच्या पेराएवढे, प्रत्येकाला तेल जायला एक बारीक आडवं भोक. ही चाचणीची खेप पास झाली तर दर महिन्याला काम मिळणार होतं. नाही झाली तर तेलही गेलं नि तूपही गेलं.

आईनं मशीनला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि अक्षता वाहिल्या. मी पाया पडले. ती मशीनलाच नमस्कार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ काढली, बुश भरले, बटण दाबलं. अडीच तासांनी एक बुश उजेडाकडे धरला तर भोकातून उजेडच येईना. दुसरा धरला, तोही आंधळा. पिन घालून टोकरलं तेव्हा पिवळी कणी बाहेर आली. खडे भोकात अडकू नयेत म्हणून मी मुद्दाम मोठे घेतले होते. आईच्या अक्षता मात्र खड्यांच्या खाली जाऊन बसल्या, भिजल्या, तुटल्या आणि भोकात घट्ट बसल्या. आणि आईनं एक चिमूट नाही, ओंजळ वाहिली होती.

माझा आवाज एरवी तीन गाळे पलीकडे जातो. पण तेवढ्यात दुपारच्या गाडीनं परत जायला पिशवी घेऊन आई दारात आली आणि मी तोंडातले शब्द गिळले. तिनं माझ्या हातातला बुश घेतला, उजेडाकडे धरला.

"माझेच नं हे तांदूळ?"

"हो."

तिनं पिशवी खाली ठेवली, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि मांडी घालून बसली. मीही केसांतला आकडा काढून बसले. बरेच बुश मोकळे झाल्यावर आई म्हणाली, "जन्मभर तांदळातले खडे निवडले. आता खड्यातले तांदूळ निवडते." मला हसू आवरेना. तीही पदर तोंडाला लावून हसली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "पाटल्या मोडल्या त्याचं काय नाय. विचारलं नाय तू."

"चुकलं माझं," मी म्हणाले. तिची गाडी गेली, नंतरची दुसरीही गेली. आई त्याही रात्री मुक्कामाला राहिली.

खेप पोचवली तेव्हा कारखान्यातल्या तपासणीच्या साहेबांना नेमका आमच्या हातून सुटलेला एक बुश सापडला. सुईच्या टोकावर कणी धरून त्यांनी विचारलं, "हे काय?" खोटं काय सांगणार? "दसऱ्याच्या अक्षता," मी म्हणाले. त्यांनी सगळी खेप पुन्हा तपासायला लावली आणि मला तोवर उभं ठेवलं. दुसरी कणी निघाली नाही. "पुढच्या वेळी पूजा बाहेरून करा," म्हणाले आणि सही केली. मला फक्त 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकू आलं.

पुढच्या दसऱ्याला आई आली ती थेट विचारत, "झाकण हाय का हिला?" मी परात उपडी घालून दाखवली. तरी तिनं कुंकू बाहेरूनच लावलं, तेही बेतानं. अक्षतांची वाटी तशीच भरलेली राहिली. मी पाया पडायला वाकले, तशी ती अख्खी वाटी तिनं माझ्या डोक्यावर ओतली, आणि वर हात ठेवला.

दिवसभर मी केस झटकले नाहीत.