मास्तरांची न गळणारी चड्डी

आपल्या हातची शिवण उसवायची तर कात्रीलाही घाम फुटेल, असं टेलरमास्तरांचं स्वतःचंच मत होतं. त्यामुळे बायकोने लेकीसाठी बाजारातून शू सांगायची सवय लावणारी ट्रेनिंग पँट आणली, तेव्हा त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि नाक मुरडलं.

"ही काय शिवण आहे? दोन धुण्यांत चिंध्या होतील. मी शिवतो."

घाई होतीच. बायको नर्स. तिची रजा पंधरा दिवसांत संपत होती आणि पुढे एक दिवसही वाढवून मिळणार नव्हता. पाळणाघराच्या बाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं, "शू आली की सांगणारं मूल आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला देईन." आणि अडीच वर्षांची ठकी सांगायचं नाव घेत नव्हती.

मास्तरांनी सात चड्ड्या शिवल्या. आत टॉवेलचे तीन पदर, त्याखाली रेनकोटचं कापड, मांडीला मऊ इलॅस्टिक. ठकी दिवसभर दुकानात, कापायच्या टेबलाखाली रिकाम्या रिळांशी खेळायची. आजूबाजूला गिऱ्हाइकांचं भारी कापड, पण एक थेंब बाहेर येईल तर शपथ. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला चड्डी दाखवू लागले. एकाने तर, "आमच्या वडिलांच्या मापाची शिवाल का?" असं हळूच विचारलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. आठ दिवस झाले, चड्डी पिळली की वाटीभर निघायचं, आणि ठकी आपली रिळं रचतेय.

"अहो, तिला कळणार कसं?" बायको म्हणाली. "तुम्ही ओलं लागूच देत नाही तिला. साधी चड्डी घाला."

"आणि लोकांचं कापड?"

"ते धुता येतं. माझी नोकरी गेली तर काय धुणार आहात?"

अति तिथे माती, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण आपली वस्तू चांगली आहे म्हणूनच कामाची नाही, हे पचवायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली. सकाळी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून त्यांनी शर्टाच्या उरलेल्या कापडाच्या साध्या, एकपदरी चड्ड्या शिवल्या.

पहिल्याच तासात धार लागली. ठकी दचकून उभी राहिली. तिने पायांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पुन्हा पायांकडे पाहिलं. मग ओल्या चड्डीला बोट लावून विचारलं, "माझं?"

मास्तर फडकं हातात घेऊन तसेच थबकले. जन्मापासून रोज घडणारी गोष्ट, आणि पोरीची तिच्याशी ओळख आज होत होती!

"हो गं, तुझंच," ते म्हणाले.

त्या दिवशी पाचदा फरशी पुसली, दुसऱ्या दिवशी चारदा. एका कोटाचं अस्तरही धुवावं लागलं. मास्तर चिडले, मशीनवर ओरडले, मशीन बिचारं गप्प राहिलं.

पाचव्या दिवशी ठकी रिळं रचत होती. वरचं रीळ ठेवता ठेवता तिचा हात थांबला. कुणीतरी आतून हाक मारावी तसा चेहरा झाला. चड्डी कोरडी, फरशी कोरडी, काहीच झालेलं नव्हतं.

"बाबा, येतंय."

मास्तर हातातलं कापड टाकून धावले. भांड्यात आवाज झाला तेव्हा ते तिच्यासमोर फरशीवरच बसले होते. त्यांच्या अंगावर काटा आला होता. आजवर त्या इवल्याशा देहाची प्रत्येक खबर आधी आईबापांना लागायची. आज ती आधी तिला लागली होती, आणि तिने ती बापाला सांगितली होती. तीस वर्षं मास्तरांनी माणसांची मापं घेतली, पण माणूस असा आतून तयार होताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सोमवारी ते ठकीला पाळणाघरात घेऊन गेले. दारातच बाईंनी भुवई उंचावली. "सांगते ना?"

मास्तर गेल्या दोन दिवसांचा हिशेब द्यायला तोंड उघडणार, तोच ठकी थबकली. तोच आतली हाक ऐकणारा चेहरा. तिने बापाचं बोट सोडलं आणि बाईंचं धरलं.

"येतंय."

दोघी लगबगीने आत गेल्या. मास्तरांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि तिने सोडलेलं बोट ते दुसऱ्या हाताने चाचपत राहिले. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.