गिरणीचा सा

डिंगोऱ्यात आमच्या गल्लीतल्या पोरींना मी सूर शिकवला, हे खरं आहे. फक्त तो आमच्या पिठाच्या गिरणीचा होता.

त्याचं असं झालं, घरात पेटी नव्हती. गिरणी मात्र पडवीला लागूनच, लाइट असेपर्यंत घूंऽऽ करत चालणारी. म्हटलं, तंबोरा म्हणजे तरी वेगळं काय असतं! (शहाणपण बघा माझं!) "पोरींनो, गिरणीत सा मिसळा!" पोरींनी मिसळला. माझी पिंकी तर असा लावायची, की गिरणी कुठली आणि पिंकी कुठली, कळू नये.

सासूबाई कपाळाला हात लावायच्या. शेवटी म्हणाल्या, "आपल्या सुमनच्या वास्तुशांतीला गाऊ दे पोरींना. चारचौघांत बऱ्या गायल्या, तर पडवी तुझ्या क्लासला. न्हाई तर मुकाट्यानं गिरणीवर बसायचं. माझं गुडघं लई दुखत्यात."

सुमन म्हणजे माझी नणंद, खोडदची. तिथल्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या अँटेना म्हणे आभाळातलं बारीकसारीकही ऐकतात. त्या दिवशी आमचं ऐकलं नसावं, एवढीच आशा!

मांडवात पोरी रांगेत उभ्या राहिल्या. मी ऐटीत हात वर केला. "हं, सा!"

पोरी इकडंतिकडं बघायला लागल्या.

"अगं, लावा की सा!"

पिंकी खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, पण गिरणी कुठंय?"

अख्खा मांडव हसला. तेवढ्यात आत कुणीतरी चटणीला मिक्सर लावला आणि पोरींचे चेहरे उजळले! सगळ्यांनी एकजात सा लावला, थेट मिक्सरच्या टिपेला! आत खोबरं पडलं, मिक्सर दबला, पोरीही दबल्या. (दळण ओतलं की गिरणी दबते, तेही त्या मन लावून शिकल्या होत्या.) मिक्सर पुन्हा चढला, पोरी चढल्या. मग तो बंद झाला आणि पोरी आ वासून तशाच उभ्या राहिल्या.

"वन्स मोअर!" एक पावणं ओरडलं. "आता शेंगदाण्याची व्हऊ द्या राव!"

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या की रडत होत्या, बघायची हिंमत झाली नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी गिरणीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

आता मीच बसते गिरणीवर. एकटी असले की हळूच सा लावून बघते. काल शेजारच्या आजी दळणाचा डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "सूनबाई, पीठ झ्याक दळतीस गं. फकस्त मधी गाऊ नगंस, गिरणी बेसूर व्हतीय!"