भुताच्या पिक्चरला आलेलं स्थळ

सिनेमा या विषयात आमच्या मामांइतका अधिकारी माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे मत माझं नसून मामांचं आहे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मलाही पटलंय. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. कोल्हारला त्यांचा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. आसपासच्या गावांत लग्न असो, सप्ताह असो की सरपंचाचा सत्कार, त्याचा आवाज मामांच्या बॉक्समधून येतो. लग्नसराई नसली की ते स्पीकर उतरवून ठेवतात, रिकामा टेम्पो घेऊन नगरला पिक्चर बघायला येतात आणि माझ्या हॉस्टेलच्या फाटकासमोर लांबलचक हॉर्न वाजवतात. तिसगावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुरुवातीला नगरमध्ये मला कॉलेजचा रस्ता आणि टॉकीजचा रस्ता, एवढे दोनच माहीत होते. दुसरा मामांनी दाखवला.

पिक्चर मोठ्याच पडद्यावर बघायचा, यावर त्यांची तडजोड नाही. "मोबाईलवर पिक्चर बघणं म्हंजी बुंदीचा फोटू चाटणं," असं ते म्हणतात. मोठा पडदाही पुढून बघायचा. एकदा मी जरा मागची तिकिटं काढली, तर मध्यंतरापर्यंत त्यांची भुणभुण चालू होती. "एवढ्या लांबून बघायचं तर कोल्हारलाच बसलो नसतो का? हिरोचा घाम दिसला पाहिजे, घाम!" रडायचे पिक्चर त्यांना चालत नाहीत. "पोरीची पाठवणी असली की मी तिथंच माईकपाशी उभा असतो. वर्षभर फुकाट रडतो. तिकीट काढून कशाला रडू?" त्यांच्या लेखी पिक्चरचे प्रकार तीनच. मारामारीचा, अंतराळातला आणि भुताचा. बाकीच्यांना ते 'मालिका' म्हणतात.

मारामारीच्या पिक्चरमध्ये त्यांना सगळ्यात जास्त कौतुक व्हिलनच्या माणसांचं. पन्नास जण असतात, पण हिरोवर एकेक जण चालून येतो, बाकीचे आपला नंबर येईपर्यंत थांबतात. "एवढी शिस्त आपल्या रेशन दुकानात दिसली न्हाई कधी," असं ते मोठ्यानं म्हणतात आणि पुढच्या दोन रांगा हसतात. हिरोच्या मागं अख्खी इमारत उडते आणि तो वळून न बघता चालत येतो, हे मात्र त्यांना अजिबात मान्य नाही. "घरातनं निघताना गॅस बंद केला का न्हाई म्हणून आपण तीनदा मागं फिरतो. आन ह्याची इमारत गेली तरी ह्याला काय न्हाई! बेजबाबदार हाय." तोच हिरो शेवटी व्हिलनला पाण्याच्या टाकीवरून खाली फेकतो, तेव्हा शिट्टी मारणारे पहिलेही तेच असतात.

अंतराळातल्या पिक्चरविषयी त्यांची एकच तक्रार आहे. उडती तबकडी दरवेळी परदेशातच का उतरते? आपल्याकडं एवढी माळरानं पडलीत. "इथं उतरली तर गावजेवण घालू. सत्कार ठिवू. शाल-नारळ देऊ, आन माईक माझा." मी पहिल्या वर्षाला असताना, नुकतंच शिकलेलं सांगायच्या हौशीनं, त्यांना म्हटलं, "मामा, अंतराळात हवाच नसते. त्यामुळं तिथं आवाजच होत नाही." मामा चालता टेम्पो बाजूला घेऊन थांबले. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेल्या माणसाला मी हे सांगितलं होतं. "अजिबात न्हाई?" "अजिबात नाही." "मग तिथं राहायला जायाचं म्हणत्यात ती माणसं लग्नं कशी लावायची?" मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं नंतर मामींनी सांगितलं. पण पुढच्याच पिक्चरला दोन यानं एकमेकांवर आदळली, पडदा हादरला, तसे मामा शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळले. "हे समदं खोटं हाय बरं का. वर आवाज नसतो. माझी भाची सायन्सला हाय, तिनं सांगितलंय." मला अंधारात लपायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर लपावंसंही वाटत नव्हतं.

राहिला भुताचा पिक्चर. तो मामा डोळे मिटून बघतात. मान किंचित तिरपी, हात मांडीवर, एखाद्या गवयासमोर बसावं तसे. "भूत कानानं बघायचं असतंय," असं ते सांगतात. दार कुठल्या बाजूच्या बॉक्समधून करकरलं, पैंजण मागून पुढं कसे आले, हे नंतर टेम्पोत तासभर समजावतात. धंदाच आवाजाचा, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मलाही आली नव्हती.

मी शेवटच्या वर्षाला असताना घरात स्थळ आलं. मुलगा पारनेरकडचा, सुप्याला कंपनीत कामाला, निर्व्यसनी, घरची शेती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की असं स्थळ सोडू नये. समोरच्यांना वैशाखात लग्न हवं होतं. मला पुढं एमएस्सी करायचं होतं, पण घरात ते बोलायचा धीर मला होत नव्हता. फक्त मामांना सांगितलं होतं, तेही एका मध्यंतरात, लाह्या खाता खाता. मामांनी उरलेल्या लाह्या माझ्या ओंजळीत ओतल्या होत्या. आता मात्र ते तिसगावला आले आणि आप्पांना म्हणाले, "दाजी, पत्रिका तुमी बघा, शेती तुमी बघा. पोरगं मी बघतो. मला त्याच्यासंगं एक पिक्चर बघू द्या."

"आवं, पिक्चर बघून कुठं माणूस कळतो व्हय?"

"पोह्याच्या बशीपुढं समदेच गुणी असत्यात, दाजी. अंधारात बशिवलं की कळतंय."

मामांच्या मनात मारामारीचा पिक्चर होता, पण त्या आठवड्यात नगरला भुताचाच लागला होता. इलाज नव्हता. आम्ही तिघं बसलो. मामा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. पडद्यावर जुनी विहीर आली, पैंजण वाजले, मामांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून मान तिरपी केली. थोड्या वेळानं मला त्याचा अगदी हलका आवाज ऐकू आला. "मामा, गेली ती. आता नुसतं अंगण हाय." मामांनी डोळे उघडले. मी बघितलं तर मामांच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. इतकी वर्षं शेजारी बसून मला जे दिसलं नव्हतं, ते त्याला पहिल्या विहिरीलाच दिसलं होतं. मग पिक्चर संपेपर्यंत तेच चाललं. "आता मिटा, दार वाजतंय." "उघडा, मांजर हुतं." मध्यंतरात त्यानं चहा आणला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "साउंड लई भारी हाय, न्हाई का मामा?" मामांनी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

परतताना मामा टेम्पोत गुणगुणत होते. मला वाटलं, झालं. वैशाख पक्का.

पुढच्या रविवारी तिसगावला बैठक बसली. त्याचे वडील, म्हणजे त्याचे दादा, म्हणाले, "शिक्षणाचं काय, लग्नानंतर बघू की."

"बघू म्हंजी?" मामांनी विचारलं.

"बघू म्हंजी बघू, पाव्हणं. आमच्यात कुणी एवढं शिकत न्हाई."

मामा मुलाकडं वळले, फार मायेनं. "तुमचं काय म्हणणं हाय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं, मग हातातल्या बशीकडं. "दादा म्हणतील तसं," तो म्हणाला.

मामांनी हातातली बशी खाली ठेवली. मग ते मला म्हणाले, "आन तुझं?"

मी म्हणाले, "मला एमएस्सी करायचंय."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

मागं फक्त आई होती, दाराशी, पदर धरून उभी. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी ते ओसरीवरच्या माणसांनाही ऐकू गेलं. मामांनी हात जोडले. "पाव्हणं, पोरगं तुमचं लाखात एक हाय. पण आमच्याच्यानं वैशाखात जमणार न्हाई." आप्पांनी मामांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हळूच मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर मामा पायरीवर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाले, "अंधारात किती गोड सांगत हुतं गं पोरगं. उजेडात एक शब्द बोलाया पाहिजे हुता त्यानं. एकच." आणि मान दुसरीकडं केली. त्या दिवशी फक्त माझंच स्थळ मोडलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आता मी एमएस्सीला आहे. मामांचा हॉर्न अजून फाटकासमोर वाजतो, आम्ही मारामारीला जातो, अंतराळात जातो. भुताचा पिक्चर लागला की मात्र मामा पोस्टरपाशी थोडे रेंगाळतात आणि म्हणतात, "भुताचं पिक्चर आता पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाईत." मागच्या महिन्यात मी धीर करून म्हटलं, "मामा, चला ना. भूत गेलं की मी सांगत जाईन तुम्हाला."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. "तू काय सांगणार? तूबी डोळे मिटून घेतीस की."

मग आम्ही शेजारच्या खिडकीवर मारामारीची तिकिटं काढली. आत बसल्यावर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मामांनी जागा धरावी तसा आपला रुमाल टाकला, आणि दिवे गेल्यावर काही वेळानं तो उचलून खिशात ठेवला.