खिरणीचा चीक

माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, औरंगाबाद म्हणजे परदेशच. निजामावरची पोलीस अॅक्शन होऊन गेली होती, तरी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आमची ट्रंक उघडून बघितलीच. नवऱ्याला इथल्या कचेरीत नोकरी लागली होती. भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या आणि पहिल्याच सकाळी कामावर जाताना त्यांनी ट्रंकेचं कुलूप काढून बाहेरून दाराला लावलं. मुलूख नवा आहे, म्हणाले. मुलूख जुना होत गेला, कुलूप काही निघेना. मोकळी झाली ती ट्रंक.

मला जग उरलं ते एका खिडकीपुरतं. खिडकीसमोर शेजारणीचा ओटा. ती सिल्लोडकडची, शेतीवाल्या घरची, माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायचे. दुपारी ती गोधडी शिवायला बसे. मला शाळेत लाकडी रिंगमध्ये कापड ताणून भरतकाम शिकवलेलं. मावशी कापडाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायची आणि कडेकडेनं फिरत आत आत यायची. शेवटचा टाका मधोमध. मीही जुनं लुगडं घेऊन तसंच शिवू लागले. प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान. आतल्या चौकोनापाशी आले की जीव घुसमटायचा, सुई टाकून द्यावीशी वाटायची. टाकून जाणार कुठं? पुन्हा उचलायची.

फळंही मावशीनंच दाखवली. एवढं मोठं सीताफळ मी कधी पाहिलं नव्हतं. ते गजांतून आत येईना, तेव्हा तिनं फोडून अर्धं अर्धं दिलं. उन्हाळ्यात तिनं खिरण्या आणल्या, पिवळ्याधमक, लिंबोळीहून थोड्या मोठ्या. मी अधाशासारख्या मूठभर खाल्ल्या. त्यांना चीक असतो हे मला कुठून ठाऊक? ओठ असे चिकटले की तोंड उघडेना. नेमकं तेव्हाच मावशीनं दाराकडं बघत विचारलं, "तुमच्या मुलखात बाईला कुलपात ठेवायचा रिवाज हाय व्हय?"

मी नुसती बघत राहिले. तिनं आपल्याशीच मान हलवली. "असंल," म्हणाली आणि उठून गेली. मी ओठांना गोडेतेल चोळलं तोवर ओटा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी खरं सांगता आलं असतं. पण मग सांगायचं काय? की आमच्याकडे कुणीच असं करत नाही, हे माझ्याच नवऱ्याचं डोकं? माझीच मला लाज वाटली. सगळ्या कोकणावर आळ आला तरी मी गप्प बसले.

पावसाळ्याच्या तोंडाशी मावशीच्या लेकीची ओटी भरायची होती. संध्याकाळी नवरा दाराशी आला तेव्हा मावशीनं त्यांना गाठलं. रिवाज मोडतोय खरा, पण एक दिवस या तुमच्या पोरीला माझ्याकडं सोडा, अशी तिनं विनवणी केली. मी बंद दाराला आतून कान लावून उभी होते. कसला रिवाज, हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"हो," ते म्हणाले, "आमच्याकडे पद्धतच आहे तशी."

अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी माझ्या तोंडात खिरणी नव्हती.

"नाही मावशी," मी आतूनच मोठ्यानं म्हणाले. "आमच्याकडे कुणीच लावत नाही. हेच लावतात."

बाहेरून मावशीचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"मग उघडा की, साहेब."

किल्ली फिरायला वेळ लागला. दार उघडल्यावर मी त्यांच्याकडे न बघता अनवाणीच ओट्यावर जाऊन बसले. ते कुलूप पुन्हा ट्रंकेला लागलं.