पंगत बसल्याचा आवाज

भूत-प्रेत असलं काही मी कधीच मानलं नाही. मानणाऱ्यांची टिंगल करण्यात तर माझा पहिला नंबर. आता थकलोय, वाद घालायचा नाही... फक्त एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावच्या आमच्या मराठी मंडळात माझा ‘दहीभाताचा किस्सा’ ऐकून जे हसले, त्यांच्यासाठी मुख्यतः हे.

त्या वर्षी सर्वपित्रीला माझ्या बायकोने, सुमनने, माझ्या आईवडिलांसाठी पान वाढलं. पण आमच्या गार्डनमध्ये कावळा फिरकेना. एक खार तेवढी वड्यांवर डोळा ठेवून. मीच म्हणालो, “चल नेझ्बीला. रणांगणावर कावळे नसतील तर कुठे असतील?”

नेझ्बी आमच्याकडून गाडीने तासाभरावर. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाची फौज पार्लमेंटच्या फौजेपुढे तिथे मोडली. जागा जपून ठेवली आहे — म्हणजे उतरती शेतं, एक चबुतरा आणि माहितीचा फलक. भर दुपार, लख्ख ऊन. आम्ही दोघंच.

सुमनने कुंपणाशी पान ठेवलं. झाडावर कावळे होते, पण खाली एकही येईना. मग तिने हात जोडले. “इथे जे उपाशीपोटी गेले असतील, त्यांनीही या.”

“अगं, त्यांना बीफ लागतं,” मी म्हणालो.

आणि आवाज आला. लग्नात पंगत बसते ना... एकदम शेकडो माणसं जमिनीवर टेकतात, तसा. त्यात चामड्याची करकर, लोखंडाचा खणखणाट. मग एक लांब उसासा — फार चालून आलेल्या माणसांचा. समोर शेत रिकामं. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी गवत रांगेने दबत गेलं.

“अहो, ऐकलंत?”

“काय? वारा आहे.”

“वारा असा खाली बसतो का?”

मी किल्ली काढली आणि मागे न बघता गाडीकडे निघालो.

पुढे मंडळाच्या दिवाळीला मीच रंगवून सांगितलं — “आमच्या हिने गोऱ्या भुतांना दहीभात वाढला!” लोक पोट धरून हसले. मग दर कार्यक्रमाला तेच. “वहिनी, आज भुतांनाही आमंत्रण आहे का?” ती हसायची. हळूहळू यायचीच बंद झाली.

शेवटी हॉस्पिटलमध्ये तिने विचारलं, “खरं सांगा, तुम्हीही ऐकलं होतं ना?”

“नाही गं.” इतकी वर्षं नाही म्हटल्यावर हो म्हणायची लाज वाटली. ती भिंतीकडे वळली.

यंदा अविधवा नवमीला — नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ती तिथी — आमची लेक मीरा मला नेझ्बीला घेऊन गेली. त्याच कुंपणाशी सुमनचं पान ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, “सुमन, मी ऐकलं होतं.”

“बाबा, आर यू ओके? कोणाशी बोलतोय तू?”

“तुझ्या आईशी.”

मीरा हसली नाही. “मग थांबू या ना थोडं.”

त्या दिवशीचा आवाज कशाचा होता, मला आजही सांगता येत नाही. पुरावा म्हणाल तर मी एकटाच उरलोय. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. शेतावरून सळसळ आली, मी मान वर केली... पण या वेळी तो खरंच वारा होता.